गुणाकाराआधी विचारायचा प्रश्न: अनेक स्वतंत्र घटना एकत्र घडण्याची संभाव्यता कशी काढायची

भाचीने वही माझ्यापुढे सरकवली तेव्हा गणित सोडवून झालं होतं आणि उत्तराभोवती तिने चौकटही काढली होती. प्रश्न साधा होता: दोन फासे एकदम टाकले तर दोन्हींवर ६ पडण्याची संभाव्यता किती? तिने लिहिलं होतं, १/६ + १/६ = २/६, म्हणजे १/३.

"मावशी, एकावर सहा यायची शक्यता सहात एक. दुसऱ्यावरही सहात एक. मग दोन्ही मिळून सहात दोन ना?"

चूक आहे असं मी लगेच म्हटलं नाही. विचारलं, "सात फासे टाकले आणि सातही फाशांवर सहाच हवा असेल तर?" तिने त्याच रीतीने ७/६ लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. संभाव्यता १च्या वर जात नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यातून सातही फासे मनासारखे पडणं हे दोन फाशांपेक्षा सोपं कसं असेल? अट वाढली की उत्तर लहान व्हायला हवं, आणि इथे ते फुगत चाललं होतं.

मग आम्ही चौकटींचा कागद घेतला. एक फासा लाल, एक पांढरा. आडव्या ओळीत लाल फाशाचे १ ते ६, उभ्या ओळीत पांढऱ्याचे १ ते ६. फासे मुद्दाम वेगळ्या रंगांचे घ्यावेत, कारण एकाच रंगाचे घेतले की "लालवर ५, पांढऱ्यावर ६" आणि "लालवर ६, पांढऱ्यावर ५" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. कागदावर ३६ घरं झाली. लालवर ६ असलेला एकच रकाना, त्यात सहा घरं; म्हणजे सगळ्या घरांचा सहावा हिस्सा. त्या सहा घरांपैकी पांढऱ्यावरही ६ असलेलं घर एकच, अगदी कोपऱ्यातलं. भाचीने त्यात पेन्सिल फिरवली. छत्तिसातलं एक.

इथे काय झालं ते नीट पाहा. आधी आपण सगळ्याचा सहावा भाग घेतला, मग त्या भागाचा सहावा भाग घेतला. निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव, हे आपण हिशेब शिकायच्या आधीपासून बोलतो. त्या 'चा'मध्येच गुणाकार आहे.

१/६ × १/६ = १/३६

तीन फासे असतील तर त्या एका घराचेही सहा भाग करायचे: १/२१६. किती घटना आहेत याने पद्धत बदलत नाही. सूत्रात लिहायचं तर 'सं' म्हणजे संभाव्यता असं धरून:

सं(अ आणि ब आणि क) = सं(अ) × सं(ब) × सं(क)

हे सूत्र पाठ करायला एक मिनिट लागतं. ते कुठे वापरायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, यात मात्र भल्याभल्यांची फसगत झाली आहे. म्हणून आधी पद्धत सांगते आणि मग घटना स्वतंत्र असण्याच्या अटीकडे वळते.

एक उदाहरण घेऊ. नाणं उडवलं, फासा टाकला आणि नीट पिसलेल्या ५२ पत्त्यांतून एक पत्ता ओढला. छापा पडावा, फाशावर ५ किंवा ६ यावा आणि पत्ता बदामाचा निघावा, हे तिन्ही जुळण्याची संभाव्यता किती?

पहिलं काम म्हणजे प्रश्न 'आणि' घालून स्वतःच्या शब्दांत लिहून काढणं. छापा आणि (५ किंवा ६) आणि बदाम. पुष्कळ चुका इथेच टळतात, कारण 'किंवा' कुठे आहे आणि 'आणि' कुठे, हे कागदावर दिसायला लागतं. 'किंवा' एकाच फाशाच्या पोटात आहे, म्हणून तिथे बेरीज: १/६ + १/६ = १/३. एकाच फाशावर एका फेकीत ५ आणि ६ दोन्ही येऊ शकत नाहीत, म्हणून ही बेरीज चालते. दुसरं काम, प्रत्येक घटनेची संभाव्यता सुटी लिहायची: छापा १/२, फासा १/३, बदाम १३/५२ म्हणजे १/४. तिसरं काम, या तिघांपैकी एकाचा निकाल कळला तर बाकीच्यांबद्दलचं आपलं मत बदलेल का, हे विचारायचं. नाण्याला पत्त्यांचं काही माहीत नाही आणि फाशाला दोघांचंही. म्हणून गुणायचं:

१/२ × १/३ × १/४ = १/२४

शेवटी उत्तरावर एक नजर. गुणलेल्यांपैकी सगळ्यांत लहान संख्या १/४ होती. उत्तर तिच्याहून लहान आहे, म्हणजे दिशा बरोबर आहे. ते मोठं आलं असतं तर कुठेतरी बेरीज घुसली असती.

टक्क्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण ही चूक मी मोठ्या माणसांच्या कागदांवरही पाहिली आहे. एक गोष्ट घडायची शक्यता ४० टक्के, दुसरीची ५० टक्के. ४० × ५० करून २००० टक्के लिहिलं तर चूक निदान लगेच दिसते. पण ३ टक्के आणि ५ टक्के असतील तर कोणी सरळ १५ टक्के लिहून मोकळं होतं, आणि ते उत्तर दिसायला खरं वाटतं. टक्के आधी दशांशात आणायचे: ०.०३ × ०.०५ = ०.००१५, म्हणजे ०.१५ टक्के. शंभरपट फरक. अपूर्णांक असतील तर शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा, मधेच दशांशात आणून आकडे तोडत बसू नका; छेद-अंशांची काटछाट झाली की काम हलकं होतं.

क्रमाचंही एक आहे. "एका फाशावर ५ आणि एकावर ६" असं विचारलं असेल तर १/३६ हे उत्तर अर्धंच आहे, कारण कागदावर अशी दोन घरं आहेत. २/३६. "लालवर ५ आणि पांढऱ्यावर ६" असं विचारलं तरच १/३६. प्रश्नात कोण कुठे हे ठरवून दिलं आहे की नाही, तेवढं वाचायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन घटना स्वतंत्र आहेत म्हणजे काय? एक घडली हे कळल्याने दुसरीची संभाव्यता जागची हलत नाही, इतकंच. दोन्ही एकाच वेळी घडल्या की वेगवेगळ्या वेळी, एकाच वस्तूच्या आहेत की दोन वस्तूंच्या, याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. हे पटायला एकच फासा पुरतो.

एक फासा टाकला. घटना अ: सम आकडा आला. घटना ब: आकडा ४ किंवा त्याहून लहान आहे. अ ची संभाव्यता ३/६ म्हणजे १/२. ब ची ४/६ म्हणजे २/३. दोन्ही एकदम घडायच्या तर २ किंवा ४ यायला हवा: २/६ म्हणजे १/३. आणि १/२ × २/३ बरोबर १/३च! एकाच फाशाच्या एकाच फेकीतल्या या दोन घटना स्वतंत्र आहेत. आता ब जरा बदला: आकडा ३ किंवा त्याहून लहान. तिची संभाव्यता १/२. गुणाकार येतो १/४, पण प्रत्यक्षात दोन्ही अटींत बसणारा आकडा एकटा २, म्हणजे १/६. इथे स्वातंत्र्य गेलं. का? १ ते ४ मध्ये निम्मे आकडे सम आहेत, जसे सगळ्या फाशात निम्मे सम आहेत; तेव्हा "४ पर्यंतचा आहे" हे कळून समविषमाबद्दल नवीन काहीच कळलं नाही. १ ते ३ मध्ये मात्र समाचा हिस्सा एक तृतीयांशच आहे, म्हणून बातमी कळताच आपला अंदाज खाली येतो. हे उदाहरण मला फार आवडतं. स्वतंत्र असणं म्हणजे दूर असणं किंवा असंबद्ध वाटणं नव्हे, ते आकड्यांत तपासता येतं, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

'स्वतंत्र' आणि 'एकत्र घडू न शकणाऱ्या' या दोन गोष्टींची गल्लत परीक्षेत हमखास होते. एका फेकीत २ आणि ५ दोन्ही येणं अशक्य आहे, संभाव्यता शून्य. त्यांचा गुणाकार करून १/३६ लिहिणारे लिहितात. पण २ आला हे कळताच ५ ची संभाव्यता १/६ वरून थेट शून्यावर येते. याहून जास्त अवलंबित्व ते कोणतं?

पत्त्यांत हा फरक हाताने करून पाहता येतो. एक पत्ता ओढला, पाहिला, परत ठेवून पिसला, पुन्हा ओढला. दोन्ही वेळा एक्का येण्याची संभाव्यता ४/५२ × ४/५२, म्हणजे १/१६९. पहिला पत्ता परत ठेवलाच नाही तर? पहिला एक्का निघून गेल्यावर गड्डीत ५१ पत्ते आणि तीनच एक्के उरतात:

४/५२ × ३/५१ = १/२२१

घटना स्वतंत्र नसल्या तरी गुणाकार मोडीत निघत नाही. फक्त दुसरी संख्या लिहिताना "पहिली घडून गेली आहे" हे धरून लिहावं लागतं. नियम एकच आहे असं म्हटलं तरी चालेल: पहिलीची संभाव्यता गुणिले, पहिली घडल्यावर दुसरीची. स्वतंत्र घटनांमध्ये 'पहिली घडल्यावर' हे शब्द निरुपयोगी होतात, म्हणून ते गळतात.

याच्या उलट चूकही होते: गोष्टी खरोखर स्वतंत्र असताना माणसाला त्यांत नातं दिसतं. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत, म्हणजे जुगारघरात, रूलेटच्या फिरत्या चाकावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. चाकाला ३७ घरं, त्यांतली १८ काळी, १८ लाल आणि एक शून्याचं. जसजसा काळा येत गेला तसतसे लोक लालवर जास्तीत जास्त पैसे लावत गेले, आता लालची पाळी आली असं समजून, आणि हरत गेले. खेळ सुरू व्हायच्या आधी "पुढचे २६ काळे" याची संभाव्यता १८/३७ स्वतःशी २६ वेळा गुणून येते, सुमारे १३ कोटी ६८ लाखांत एक. पण २५ काळे येऊन गेल्यावर सव्विसाव्या फेरीत काळा येण्याची संभाव्यता १८/३७च. घडून गेलेल्या फेऱ्यांची संभाव्यता आता १ आहे, त्या गुणाकारातून बाहेर पडल्या. प्रश्न कुठे उभं राहून विचारला आहे ते आधी पाहायचं.

फासे-पत्त्यांत स्वातंत्र्य आपण धरून चालतो. बाहेरच्या जगात ते मोजून पाहावं लागतं, आणि त्याची रीत अवघड नाही. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली छापलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत एक तक्ता आहे. ५५६ बिया: गोल आणि पिवळ्या ३१५, सुरकुतलेल्या आणि पिवळ्या १०१, गोल आणि हिरव्या १०८, सुरकुतलेल्या आणि हिरव्या ३२. आता एकूण गोल किती? ३१५ + १०८ = ४२३. एकूण पिवळ्या? ३१५ + १०१ = ४१६. आकार आणि रंग स्वतंत्र असतील तर गोल-पिवळ्यांचा हिस्सा ४२३/५५६ × ४१६/५५६ इतका हवा. त्याला ५५६ ने गुणलं की येतात ३१६.५ बिया. प्रत्यक्षात ३१५! मेंडेलच्या सिद्धांतानुसार गोलाचा हिस्सा ३/४ आणि पिवळ्याचा ३/४, म्हणून दोन्हींचा ९/१६. त्या हिशेबाने ३१२.७५ येतात, तेही जवळच.

आता दुसरा तक्ता. १९०५च्या सुमारास बेटसन, साँडर्स आणि पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्वीट पीच्या फुलझाडांवर असाच प्रयोग केला. फुलाचा रंग जांभळा की लाल, परागकण लांबट की गोल. ३८१ झाडांत जांभळी-लांबट २८४, जांभळी-गोल २१, लाल-लांबट २१, लाल-गोल ५५. जांभळी एकूण ३०५, लांबट परागांची एकूणही ३०५. स्वतंत्र असती तर दोन्ही गुणांची झाडं ३०५ × ३०५ ÷ ३८१, म्हणजे सुमारे २४४ हवीत. निघाली २८४. लाल-गोल १५ च्या आसपास हवीत, निघाली ५५. इतका फरक योगायोगाच्या खात्यात घालता येत नाही. कारण पुढे कळलं: या दोन गुणांची जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असतात आणि बहुधा जोडीने पुढच्या पिढीत जातात. गुणाकार जुळला नाही म्हणून नातं सापडलं.

तुमच्याकडे असे मोजलेले आकडे असतील तर हेच करा. दोन्ही गोष्टी कितीदा घडल्या, पहिली एकूण कितीदा, दुसरी एकूण कितीदा आणि निरीक्षणं किती, एवढे चार आकडे पुरतात. दोन एकूणांचा गुणाकार भागिले निरीक्षणं, आणि जोडीच्या खऱ्या आकड्याशी तुलना. निरीक्षणं पाच-दहाच असतील तर तुलनेला अर्थ नाही. शेकड्यांत असतील तर बोलता येतं.

आकडे नसतात तेव्हा मी एकच प्रश्न विचारते: या सगळ्या घटनांना एकदम घडवून आणेल असं एखादं कारण आहे का? हा प्रश्न मला एका नुकसानीने शिकवला. यंत्रांची देखभाल हे माझं काम. वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि घरातले फोटो मी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवले होते. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता मी विसात एक धरली होती, हा माझा आपला अंदाज. दोन्ही एकाच वर्षी जाण्याची १/२० × १/२०, चारशेत एक. मी निश्चिंत होते. दोन्ही डिस्क एकाच एक्स्टेंशन बोर्डाला लावलेल्या होत्या आणि प्रती काढण्यासाठी चालू होत्या. विजेचा दाब अचानक चढला आणि दोन्ही एकाच क्षणी गेल्या. माझा गुणाकार चुकला नव्हता. गुणाकार करण्याचा अधिकार मला नव्हता, कारण वीज दोघींची एकच होती. आईचा एक फोटो त्यात होता, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. तेव्हापासून कोणी "दोन्ही एकदम कसे बिघडतील?" म्हणालं की मी आधी वायरी कुठे जातात ते पाहते.

याहून कितीतरी मोठी किंमत एका आईने मोजली आहे. इंग्लंडमध्ये एका स्त्रीची दोन तान्ही मुलं वेगवेगळ्या वेळी दगावली आणि १९९९ साली तिच्यावर खुनाचा खटला चालला. साक्षीला आलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं की तिच्यासारख्या कुटुंबात बाळाचा अकस्मात मृत्यू होण्याची संभाव्यता ८५४३ मध्ये एक, तेव्हा दोन बाळांची ८५४३ × ८५४३, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. गुणाकार अचूक आहे. पण दोन्ही बाळांचे आईवडील एकच, घर एकच, रक्त एकच; एका बाळाच्या मृत्यूमागे काही अनुवंशिक कारण असेल तर ते दुसऱ्या बाळातही असण्याची शक्यता वाढते. स्वतंत्र धरायला काहीच आधार नव्हता. शिवाय "असं घडणं दुर्मीळ आहे" याचा अर्थ "ती दोषी आहे" असा होत नाही. एका आईने दोन मुलांचा खून करणंही अतिशय दुर्मीळ असतं. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. समोर न आणलेला वैद्यकीय पुरावा नंतर पुढे आला आणि २००३ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तोवर ती आई तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती.

कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात तर, साक्षीदारांनी वर्णन केलेलं जोडपं म्हणजे आरोपीच हे ठसवायला, सरकारी वकिलाने सहा संख्या गुणल्या होत्या: पिवळा रंग असलेली गाडी १/१०, मिशीवाला पुरुष १/४, केसांची पोनीटेल घातलेली मुलगी १/१०, सोनेरी केसांची मुलगी १/३, दाढीवाला कृष्णवर्णीय पुरुष १/१०, वेगवेगळ्या वंशांचं जोडपं एका गाडीत १/१०००. गुणाकार १ कोटी २० लाखांत एक. दाढी असलेल्या पुरुषांत मिशीही असणारे किती असतात ते आठवा. तीच गोष्ट दोनदा मोजली गेली. त्यात मूळच्या सहाही संख्या वकिलाने मनाने धरलेल्या. १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली.

म्हणून माझी सवय अशी: गुणायच्या संख्या ओळीने लिहिल्या की प्रत्येक जोडीवर बोट ठेवून विचारायचं, ही कळली तर ती बदलेल का? तीन घटनांच्या तीन जोड्या होतात, चारांच्या सहा. त्यानंतर एकदा सगळ्यांकडे मिळून पाहायचं, कारण जोडीजोडीने स्वतंत्र असलेल्या घटना तिघी मिळून स्वतंत्र असतीलच असं नाही. दोन नाणी उडवा: पहिल्यावर छापा, दुसऱ्यावर छापा, दोन्हींवर सारखंच. कोणतीही जोडी घ्या, स्वतंत्र आहे. पण पहिल्या दोन घडल्या की तिसरी ठरलेलीच. तिन्हींची संभाव्यता १/८ नाही, १/४ आहे.

घटना पुष्कळ असतील तर एकच संख्या पुन्हापुन्हा गुणावी लागते, तेव्हा घातांक वापरायचा. यंत्राचे ३० भाग एकामागे एक आहेत, सगळे चालले तरच यंत्र चालतं, आणि प्रत्येक भाग ९८ टक्के भरवशाचा आहे. पूर्ण यंत्र? ०.९८ चा ३० वा घात, सुमारे ०.५४५. निम्म्याला जेमतेम वर! सगळे भाग ९८ टक्क्यांचे म्हणजे यंत्रही साधारण तितकंच, असं वाटणं साहजिक आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत उडत्या बॉम्बवर काम करणारे अभियंते रॉबर्ट लुसर यांचं नाव या गुणाकाराच्या नियमाला मिळालं, कारण भरवसा सगळ्यांत कच्च्या भागाइतका नसून सगळ्या भागांच्या गुणाकाराइतका असतो, हे त्यांनी ठासून मांडलं.

आणि "निदान एकदा तरी" असं विचारलं तर उलट्या बाजूने जायचं. चार फेकींत निदान एक ६ येण्याची संभाव्यता थेट काढायला गेलात तर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असे फाटे फुटतात. त्याऐवजी एकदाही न येण्याची काढा. चारही वेळा ६ सोडून काही येणं म्हणजे ५/६ चा चौथा घात, ६२५/१२९६. ते १ मधून वजा: ६७१/१२९६, म्हणजे ०.५१८. फ्रेंच गणिती पास्कलने २९ जुलै १६५४ रोजी फर्मा या दुसऱ्या गणितीला लिहिलेल्या पत्रात हाच ६७१ ला ६२५ चा हिशेब आहे. शेव्हालिए द मेरे या गृहस्थांना पडलेला पेच त्यात होता: एका फाशाच्या ६ निकालांना ४ फेकी पुरतात, तर दोन फाशांच्या ३६ निकालांना सहापट, म्हणजे २४ फेकींत जोडीने ६ येण्यावर पैज लावणंही फायद्याचं ठरायला हवं. ठरत नाही. ३५/३६ चा २४ वा घात ०.५०९, म्हणून उत्तर ०.४९१. पंचविसाव्या फेकीनंतर ते ०.५०६ होऊन निम्म्याच्या वर जातं. भाचीला मी हे मुद्दाम दाखवलं, कारण तिची बेरीज आणि द मेरे यांचं प्रमाण एकाच जातीचं आहे.

सरावाला दोन गणितं. पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या आहेत, दोन काढायच्या, दोन्ही लाल हव्यात. परत ठेवून: ५/८ × ५/८ = २५/६४. न ठेवता: ५/८ × ४/७ = ५/१४.

दुसरं भाचीनेच घातलं. पहाटे उठायला ती फोनवर तीन गजर लावते. फोन चालू असेल तर प्रत्येक गजराने जाग येण्याची शक्यता तिने ०.८ धरली, आणि एका गजराने जाग आली नाही तरी दुसऱ्याची शक्यता तितकीच राहते असं मानलं. तिन्ही फुकट जाण्याची ०.२ × ०.२ × ०.२ = ०.००८, म्हणून जाग येण्याची ०.९९२. इथवर लिहून तिने स्वतःच फोनकडे पाहिलं आणि रात्रीत बॅटरी संपण्याची शक्यता ०.०५ अशी वेगळी ओळ लिहिली. सामाईक कारण असं बाजूला काढता आलं की उरलेलं पुन्हा गुणता येतं: ०.९५ × ०.९९२ = ०.९४२४. फोनवर आणखी पन्नास गजर लावले तरी हा आकडा ०.९५ च्या पुढे जात नाही. मग तिने तिसरा गजर फोनवरून काढून वेगळ्या घड्याळात लावला, तोही ०.८ चाच. फोनवरचे दोन कामी येण्याची ०.९५ × ०.९६ = ०.९१२, फुकट जाण्याची ०.०८८; घड्याळही फुकट जाण्याची ०.०८८ × ०.२ = ०.०१७६. गजर तेवढेच तीन, आणि जाग येण्याची संभाव्यता ०.९८२४.